एकतिसावा जोड

बळवंतराव शिंगट्यांची पहिली नोकरी एका रोबोटनं खाल्ली, आणि घास कसा घ्यायचा हे त्या रोबोटला बळवंतरावांनीच शिकवलं होतं.

बळवंतराव मूळचे इस्लामपूरचे. आयटीआयमधून वेल्डर होऊन बाविसाव्या वर्षी गुडगावला आले तेव्हा त्या गावाचं गुरुग्राम व्हायचं होतं, आणि आज जिथे काचेचे मनोरे उभे आहेत तिथे मोहरी पिवळीधमक फुलायची. मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षं त्यांनी नळीला नळी जोडली. मग २००४ साली एक नवा कामगार आला. रंगानं पिवळा, हात एकच, चहाला उठायचा नाही आणि युनियनमध्ये जायचा नाही. हात कसा फिरवायचा, कुठं थांबायचं, कुठं सरकायचं हे त्याला दाखवायला साहेबांनी खात्यातला सगळ्यांत चांगला वेल्डर मागितला. सगळ्यांत चांगले बळवंतराव. दहा दिवस त्यांनी जीव ओतून शिकवलं, अकराव्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले आणि महिनाअखेरीला घरी बसले.

"पण आपला त्याच्यावर राग नाही हं," ते आजही सांगतात. "शिकवलं तस्संच करतो तो. नाव राखलं माझं."

"नोकरी गेली, आणि हे बघा नावाचं कौतुक सांगताहेत," अहिल्याबाई आतून म्हणतात. बायकोचा राग मात्र त्या पिवळ्या कामगारावर अजून आहे.

त्यानंतर बळवंतरावांना गुरुग्रामच्या बाहेर, सोहन्याच्या वाटेवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप इन्स्ट्रक्टरची जागा मिळाली. तिथे ते एकवीस वर्षं आहेत. पहिल्या वर्षाची पोरं निळे एप्रन घालून येतात, लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासघासून जर्नलवर सही घेतात आणि जन्मात पुन्हा कानशीला हात लावत नाहीत. बळवंतरावांना याचं काही वाटत नाही. त्यांचं खरं विश्व वेगळंच आहे. कुठलाही लोखंडी जोड बघून तो करणारा माणूस कसा असेल ते सांगायचं, हा त्यांचा छंद. सोसायटीच्या बागेतले कठडे, मेट्रोच्या पुलाखालचे खांब, हलवायाच्या दुकानाचं शटर, सगळीकडे ते थांबतात, वाकतात आणि अंगठा फिरवतात. "हा घाईत होता. हा नवशिका, पण मन लावून केलंय. आणि हा बघ, हा दुपारच्या जेवणानंतर केलाय." लग्नाला गेले तर नवऱ्या मुलाकडे कमी आणि मांडवाच्या पाइपांकडे जास्त बघतात. अहिल्याबाईंनी एका लग्नात त्यांना आहेरासकट मांडवाच्या मागून शोधून आणलंय.

आता ही रेसच्या गाड्यांची भानगड. दरवर्षी देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्पर्धा होतात. पोरांनी एक छोटी रेसची गाडी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बांधायची आणि ट्रॅकवर पळवून दाखवायची. गाडी साधारण बाजेएवढी. चाकं बाहेर, इंजिन मोटारसायकलचं, ड्रायव्हर जवळजवळ झोपलेला. नुसती पळून भागत नाही. गाडी टेबलावर बांधून तिरकी करतात, एक थेंब गळला तर परत जा. ड्रायव्हरनं पाच सेकंदांत बाहेर उडी मारायची. ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम थांबली पाहिजेत. आणि गाडी बांधण्यात पोरांचा स्वतःचा हात जितका जास्त, तितके डिझाइनचे गुण जास्त. वर्कशॉपमधल्या माणसानं मदत केली तर चालतं, फक्त ते कागदावर खरं लिहायचं.

बळवंतरावांच्या कॉलेजच्या टीममध्ये चोवीस पोरं होती, त्यांतली अकरा कशाची ना कशाची 'हेड' होती. एक मुलगी गाडीवर स्टिकर लावायची हेड होती. एक मुलगा बाकीचे काम करताना त्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकण्याचा हेड होता, आणि त्याला सगळ्यांत जास्त घाम यायचा. खरं काम पाच-सहाजण करायचे. त्यांत गाडी चालवणारी जसलीन होती. आणि कॅप्टन होता आशय.

आशयवर बळवंतरावांचा जीव. त्याला कारणही तसंच. पहिल्या वर्षाला असताना तो आईवडिलांबरोबर दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये मिसळ खायला आला होता, आणि शेजारच्या टेबलावर बळवंतराव सपत्नीक थालीपीठ मोडत होते. आई स्वरूपाताई केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. "अय्या, तुम्ही त्याच्याच कॉलेजात? मग काय, आता घरचंच माणूस!" असं त्या म्हणाल्या आणि बळवंतरावांनी ते मनावर घेतलं. आशयचं मराठी दिल्लीत वाढलेलं. "काका, माझी मदत करून द्या ना, मला टिग वेल्डिंग शिकायची आहे." बळवंतरावांना त्या मोडक्या वाक्यानंही भरून आलं. इतक्या वर्षांत वर्कशॉपमध्ये कुणी त्यांना मराठीत काही मागितलं नव्हतं.

दोन वर्षं त्यांनी त्याला शिकवलं. आर्गन वायू किती सोडायचा, नळी किती तापू द्यायची, श्वास कधी रोखायचा. पातळ नळी म्हणजे रागीट सासरा, जरा जास्त तापला की भोक पडतं, असं ते सांगायचे, आणि आशय हसला की आणखी दोन गोष्टी शिकवायचे. कारखान्यातली एक पद्धतही त्यांनी टीमला लावून दिली. तिथे प्रत्येक जोडाला नंबर असायचा आणि नकाशावर त्या नंबरासमोर तो करणाऱ्याचं नाव. जोड तुटला तर नाव सापडायचं. चांगला निघाला तरी नाव सापडायचं. बळवंतरावांनी गाडीच्या सांगाड्याचा नकाशा मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावला. एकूण सेहेचाळीस जोड. बेचाळीस पोरांचे. ड्रायव्हरच्या डोक्यामागं लोखंडी कमान असते, गाडी उलटली तर जीव वाचवणारी, तिचे चार जोड मात्र आशयनंच त्यांना करायला लावले. "काका, हे तुम्हीच करा. जसलीनचं डोकं आहे त्याच्यात." बळवंतरावांनी ते चार जोड दोन दिवस घेऊन केले. एवढ्या वेळात त्यांनी कारखान्यात एक अख्खा सांगाडा केला असता.

आणि मग एकतीस नंबर. पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारी पट्टी सांगाड्याला जिथे बसते, तो जोड. आशयनं केला, घाईघाईत. बळवंतराव वाकले, अंगठा फिरवला.

"आशय, हा वरून दिसतोय फक्त. आत गेलेला नाही. काप आणि नव्यानं कर."

"करतो काका."

"आज कर. रंग चढला की दिसायचा नाही."

"हो काका, बिल्कुल."

चार दिवसांनी गाडी निळी झाली होती. बळवंतरावांनी विचारलं नाही. करतो म्हणाला होता, आणि ज्याला दोन वर्षं हात धरून शिकवलं त्याच्या शब्दाची तपासणी करायची, हे त्यांना स्वतःचाच अपमान केल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत स्पर्धा होती, ग्रेटर नोएडाकडच्या ट्रॅकवर. बळवंतराव गळ्यात 'स्टाफ'चा पास घालून गाडीपासून चार हात लांब उभे होते. अहिल्याबाईंनी इस्त्री केलेला शर्ट, खिशात चष्मा. परीक्षक भसीनसाहेब आले. सत्तरीचे, मोटारींच्या धंद्यात केस पांढरे झालेले, आणि समोरच्या पोरांनी पाठ केलेली इंग्रजी वाक्यं मधेच तोडण्यात पटाईत. त्यांनी गाडीला फेरी मारली, वाकले, आणि कमानीच्या बुंध्यावरून अंगठा फिरवला. अगदी बळवंतरावांसारखाच. मग चष्मा लावून पुन्हा फिरवला.

"अरे वाह. ये किसका हाथ है?"

बळवंतरावांनी लगेच नम्र चेहरा केला. मान थोडी खाली, हात पाठीमागं, ओठांवर 'छे हो, त्यात काय एवढं' असं हसू. हा चेहरा कारखाना सुटल्यापासून वापरात नव्हता, पण बसला बरोबर.

"मेरा है, सर," आशय म्हणाला. "बहुत प्रॅक्टिस की."

"शाबाश. ऐसा हाथ आजकल दिखता नहीं."

बळवंतरावांचा चेहरा तसाच राहिला. उतरवायचा कसा, हे त्यांना काही क्षण सुचेना. मग ते शेजारच्या टीमच्या गाडीकडे, खूप रस असल्यासारखे, बघत राहिले. मनात म्हणाले, पोरगं घाबरलं असेल. गुणांचा प्रश्न आहे. शेवटी त्याच्या हातात आपलाच हात आहे, म्हणजे एका परीनं खोटं नाहीच बोलला. पुलाच्या खांबांवर घालवलं असतं तेवढं प्रेम त्यांनी या समजुतीवर घालवलं, आणि ती कशीबशी उभी राहिली.

अकरा वाजता ब्रेकची चाचणी झाली. पहिल्या वेळी मागची चाकं फिरत राहिली. जसलीननं ब्रेकचा तोल बदलून घेतला. दुसऱ्या वेळी तिनं असा पाय दिला की चारही चाकं एकदम थांबली, गाडी नाकावर आपटल्यासारखी झाली आणि पोरांनी आरोळी ठोकली. भसीनसाहेब टाळ्या वाजवत पुढे आले आणि पुढच्या डाव्या चाकाशी थबकले. निळ्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली होती. त्यांनी नखानं रंग खरवडला. खाली लोखंडालाही तीच रेघ.

"ये कौन-सा जोड है? नंबर देखो. फाइल लाओ."

आशयनं फाइल उघडली. बोट खाली सरकलं, थांबलं.

"इकतीस, सर." "ये वाला वर्कशॉप स्टाफ का है."

चोवीस पोरांनी बळवंतरावांकडे पाहिलं. बळवंतरावांनी मागं वळून पाहिलं, आणखी कुणी स्टाफ उभा आहे का ते. नव्हता. त्यांनी हात पुढे केला आणि फाइल घेतली. त्यांचाच नकाशा, पण कॉम्प्युटरवर सुंदर काढलेला, रंगीत. सेहेचाळीस जोड. कमानीच्या चारही जोडांपुढं आशयचं नाव. आणि एकतिसासमोर, ठळक अक्षरांत, बळवंत शिंगटे. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या यंत्राच्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव असं छापून आलेलं ते पहिल्यांदाच बघत होते.

भसीनसाहेबांनी एकदा कमानीकडे पाहिलं, एकदा त्या रेघेकडे, आणि एकदा बळवंतरावांच्या अंगठ्याकडे. धंद्यातला माणूस, त्याला बहुतेक तेव्हाच कळलं असावं. पण विचारणं भाग होतं.

"शिंगटेजी, सोच के बोलिए. जोड आपका है तो बात सीधी है. ठीक करवाके तीन बजे तक ले आइए, गाडी दौडेगी. पर फाइल झूठी निकली, तो डिझाइन के नंबर सारे कटेंगे."

जसलीन कानाशी आली. "काकाजी, प्लीज. हाँ बोल दो ना. एक जोड ही तो है."

खोटं बोलायला बळवंतरावांची तत्त्वतः हरकत नसे. चहात साखर किती घातली याबद्दल ते बायकोशी रोज दोनदा खोटं बोलत. पोरांच्या हजेरीबद्दल तर ते प्राचार्यांशी एकवीस वर्षं हसतमुखानं खोटं बोलत आले होते. आत्ताही त्यांनी 'हाँ' म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण नजर त्या जोडावर गेली. कडेला फुगलेला, आत न शिरलेला, कापायला सांगितलेला जोड. हा आपला म्हणायचा?

"नहीं साहब," ते म्हणाले. "ये मेरा नहीं है. मेरे चार हैं. ऊपर, कमान के. ये मेरा नहीं."

भसीनसाहेबांनी मान हलवली आणि लाल पेन काढलं. वर्षभराच्या मेहनतीचे डिझाइनचे गुण तिथल्या तिथे शून्य झाले. गाडी दुरुस्त करून आणली तर पळायला परवानगी होती, पण पहिल्या दहांत येण्याची आशा आता उरली नव्हती.

साहेब वळले आणि पोरं फुटली. "यार काका, ये क्या किया!" "अपने ही लोग..." फोटोंचा हेड तर रडायलाच लागला. बळवंतरावांनी दोन वर्षं ज्यांना हाताला धरून शिकवलं ती पोरं त्यांच्याकडे असं बघत होती, जणू बळवंतरावांनीच हातोडा घेऊन गाडी फोडली. आशय त्यांना तंबूच्या मागं घेऊन गेला.

"काका, एक हो म्हणून टाकलं असतं तुम्ही तर काय होऊन जाणार होतं?"

"माझे चार का काढून घेतलेस?"

"अहो, मार्क्स स्टुडंट्सच्या कामाचे असतात ना. चार जॉइंट सगळ्यांत क्रिटिकल. तिथं स्टाफ लिहिलं की गेले." आशय कळवळून बोलत होता. "पण तुमचं नाव पूर्ण काढून टाकणं मला चांगलं नाही वाटलं, काका. खरंच. म्हणून मी म्हटलं, एक तरी ठेवू या. रिस्पेक्ट म्हणून."

"सेहेचाळिसांतला हाच बरा सापडला रिस्पेक्टला?"

आशय बुटानं माती उकरू लागला.

"काय सांगितलं होतं तुला या जोडाचं?"

"काप म्हणून."

"कापलास?"

"टाइम नव्हता काका. पेंटवाला येऊन राहिला होता."

"म्हणजे तुटला तर हाच तुटणार, हे तुला ठाऊक होतं. आणि त्याच्यापुढं तू माझं नाव घातलंस." बळवंतरावांचा आवाज चढला नाही, तो चढवायला लागणारं बळच कुठंतरी गेलं होतं. "मान म्हणून तडा दिलास होय रे मला?"

तेवढ्यात फोन वाजला. स्वरूपाताई. बातमी मंत्रालयापर्यंत पोचायला सात मिनिटं लागली होती. फायली इतक्या वेगानं हलल्या असत्या तर देशाचं भलं झालं असतं.

"अहो शिंगटे, हे काय ऐकते मी? मूल आहे ते. त्याच्या प्लेसमेंटचा प्रश्न आहे! इतक्या लांब परमुलखात आपणच आपल्या माणसाला सांभाळून घ्यायचं की नाही?"

"ताई, आपला माणूस मीही होतो की," बळवंतराव म्हणाले. पलीकडून 'बघा बाई' असं काहीतरी म्हणून फोन ठेवला गेला.

दुरुस्तीच्या मंडपात सगळ्या टीमना मिळून एक वेल्डिंग मशीन होतं. आशयनं तडा गेलेला भाग ग्राइंडरनं कापून काढला, आणि मुखवटा घेऊन बळवंतरावांपुढं धरला. डोळे लाल.

"काका, करून द्या ना. प्लीज."

"ज्याचा जोड त्यानं करायचा."

"पुन्हा फेल झाला तर?"

"तर तुझ्या नावावर."

ते मंडपाच्या कनातीबाहेर जाऊन उभे राहिले. आत ठिणगी पेटली. बघायची गरज नव्हती. आवाजावरून त्यांना सगळं कळत होतं. आधी तडतड, हात लांब राहिलाय. मग थांबला. श्वास घेतला असणार. मग एकसारखा, बारीक, रेशमासारखा आवाज, न तुटता, कडेपर्यंत. शिकवलं होतं अगदी तसा. बळवंतरावांचा अंगठा आपोआप बोटांवर फिरत होता, त्यांनी तो मुठीत दाबून धरला.

आशय धावत बाहेर आला. मुखवटा डोक्यावर, कपाळावर घामाचं डबकं, चेहऱ्यावर उजेड. आपलं चांगलं झालंय हे ज्याला स्वतःलाच कळलंय, असा चेहरा.

"काका, या ना. बघा कसा झालाय. आत गेलाय पूर्ण. एकदा हात लावून बघा ना!"

एकवीस वर्षांत कुणी जोड दाखवायला बोलावलं आणि बळवंतराव वाकले नाहीत, असं झालेलं नव्हतं. रस्त्यावरच्या परक्या कठड्यांपुढं वाकलेला हा माणूस. त्यांनी खिशातल्या चष्म्याला हात लावला, आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"साहेबांना दाखव," ते म्हणाले. "मला कशाला?"

आशयच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तिकडून जसलीननं हाक मारली, तीन वाजत आले होते, आणि तो पळाला.

जोड पास झाला. गाडी ट्रॅकवर गेली. बळवंतराव कुंपणाबाहेर छोले-कुलचेवाल्याच्या गाडीपाशी द्रोण हातात घेऊन उभे राहिले आणि खाल्लं मात्र काही नाही. प्रत्येक फेरीत वळण आलं की डाव्या चाकावर भार यायचा, आणि त्यांचा कान टवकारायचा. टिकू दे, असं वाटायचं. पुढच्याच क्षणी त्या वाटण्याचाच राग यायचा. बावीस फेऱ्या त्यांनी अशाच काढल्या. गाडी आत आली तेव्हा पोरांनी आशयला खांद्यावर घेतलं. टीमचा ग्रुप फोटो निघाला. 'काका कुठं आहेत' असं कुणीतरी विचारल्यासारखं त्यांना ऐकू आलं, पण पुन्हा कुणी विचारलं नाही.

ते कॉलेजच्या बसमध्ये बसले नाहीत. शेअर रिक्षानं मेट्रो स्टेशन गाठलं. फलाटावर फोन वाजला. अहिल्याबाई.

"काय झालं हो? पळाली का गाडी?"

"पळाली."

"बाई गं! म्हणजे आशय रविवारी पार्टी मागणार. येणार आहे ना जेवायला? पुरणाची डाळ आणायची म्हणत होते. खीर बरी की पुरणपोळीच करू?"

गाडी आली, दारं उघडली, लोक उतरले, लोक चढले, दारं बंद झाली. बळवंतराव फलाटावरच उभे होते.

"अहो, ऐकताय ना?"

"डाळ नको आणू," ते म्हणाले.